नऊ टक्क्यांचा बाँड

सदाशिव पेठेतल्या दातांच्या दवाखान्यात बाकावर एक मावशी आणि बाँड विकणारा त्यांचा भाचा अवधूत बसले होते.

"मावशी, हा बाँड नऊ टक्के देतो. बँक सातच देते."

"नऊ टक्के कशावर?"

"शंभराच्या दर्शनी किमतीवर. वर्षाला नऊ रुपये व्याज, पाच वर्षं."

"मला शंभरालाच मिळणार का?"

"नाही. मागणी आहे ना, म्हणून एकशेआठला."

"एकशेआठ देऊन नऊच रुपये येणार असतील, तर ते नऊ टक्के कसे?"

"बरं, सव्वाआठ धर. तरी बँकेपेक्षा जास्तच."

"आणि पाच वर्षांनी मुदत संपली की एकशेआठ परत?"

"परत शंभरच."

"मग माझे वरचे आठ कुठे गेले?"

"ते व्याजातून वजा धरायचे. तसा शेवटपर्यंतचा हिशेब केला, तर सातच्या आसपास पडतं."

"आणि बँक किती देते म्हणालास?"

"सात."

"मग हे सात तू सगळ्यात शेवटी का सांगितलंस?"

"लोकांना नऊच ऐकायचे असतात, मावशी."

"तुझ्या आईनं घेतलाय का हा?"

"हो, गेल्या महिन्यात."

"तिला सात सांगितलंस?"

आतून मावशींचं नाव पुकारलं. त्या उठल्या नाहीत.

"तिनं विचारलं नाही."

"मग आज घरी जाऊन सांग. संध्याकाळी मी तिला फोन करणार आहे."