सातव्या दोऱ्याची गाठ

बाबा : ...असं वर्ष विचारलंस तर मला सांगता येणार नाही. तुझ्या आत्याचं लग्न झालं त्या वर्षी ते काम हातात आलं, आणि तू रांगायला लागलीस तेव्हा संपलं. चोवीस कॉइल. सगळ्या या दोन हातांनी गुंडाळलेल्या.

लेक : त्याचंच विचारायला आलेय. तीस वर्षं गोदामात पडून होत्या. आम्ही त्या बाहेर काढून किरणाच्या नळीवर चढवल्यात.

बाबा : मग? जळली का एखादी?

लेक : नाही हो. एकही नाही.

बाबा : जळणार नाहीतच. वार्निशचे तीन हात दिलेत.

लेक : बाबा, ऐका तरी. आमचा किरण म्हणजे विजेचा भार असलेले कण. कोट्यवधी, दाटीवाटीने पळणारे. सगळ्यांचा भार एकाच जातीचा, म्हणून ते एकमेकांना बाहेर ढकलतात.

बाबा : म्हणजे भावकी.

लेक : भावकीच! तुमच्या कॉइलमधून वीज सोडली की त्या चुंबक होऊन त्यांना आवळून धरतात. एकीने आवळलं, की जरा सैल होतात, तोवर पुढची आवळते. असं शेवटपर्यंत न्यायचं. कधीतरी तिथे मिरीएवढी गोळी ठेवायची, किरणाने दाबून तापवायची, आणि सूर्याच्या पोटात जळतं तसं जाळून वीज काढायची. ते अजून लांब आहे. सध्या नुसता काचेवर ठिपका पाडतो. तो मिरीएवढा यायला हवा, आणि येतोय बशीएवढा.

बाबा : बशी! मग चूक दुसरीकडे कुठेतरी असणार.

लेक : माझ्या गणितात, असं सगळे म्हणतात. चार वर्षं घातलीत मी त्यात. उद्या सकाळी यंत्र दुसऱ्या गटाकडे जातंय. पुन्हा आमची पाळी दोन वर्षांनी, तीही मिळाली तर. गणित बरोबर असेल तर एखादी कॉइल कमी आवळतेय. पण कागदावर प्रत्येकीला दोनशेचाळीस वेढे आहेत, आणि उकलून मोजायच्या तर चार महिने जातील.

बाबा : तो कागद कारकुनाने केला. एकीचे वेढे मला विचारले आणि चोवीस ओळींत तेच उतरवलं. मला तेव्हा कुठे वाचता येत होतं?

लेक : मग तुम्ही मोजायचात कसं?

बाबा : कपाटावरची ती पत्र्याची पेटी काढ. जपून, आईची शिवणाची आहे.

लेक : यात तर नुसते दोरे आहेत.

बाबा : नुसते काय! वीस वेढे झाले की एक गाठ. बारा गाठी झाल्या की कॉइल पुरी. प्रत्येकीचा दोरा वेगळा. पहिलीपासून ओळीने बांधून ठेवलेत.

(लेक एकेक दोरा चाचपत जाते.)

लेक : बाबा, हा सातवा. जरा तुम्ही मोजा.

बाबा : ...नऊ, दहा, अकरा. थांब, पुन्हा. ...अकरा. छे! होणार नाही असं.

लेक : झालंय.

बाबा : मी वेढे चुकवले? अगं, माझ्या वायंडिंगवर साहेब लोक डोळे मिटून सही करायचे!

लेक : म्हणूनच तर!

बाबा : हस, हस. सातवी... कधीची बरं ही? हां! दुपार होती. शेवटचा थर चालू होता. तुझा मामा सायकल आपटून दारातूनच ओरडला, "मुलगी झाली!" मी तार बांधली आणि तसाच पळत सुटलो. दोरा खिशात. तो दवाखान्यातच तुझ्या आईच्या सामानात गेला. सकाळी कामावर आलो तर डोळ्यांत झोप, तोंडावरचं हसू जाईना, जो तो पाठीत धपाटे घालतोय. वाटलं, झालीच होती की पुरी. वार्निश मारून मोकळा झालो.

लेक : म्हणजे चार वर्षं मी शोधत होते ती चूक मीच!

बाबा : चूक माझी. तू फक्त वेळ साधलीस.

लेक : थांबा, यंत्राजवळ माझा सहकारी आहे, त्याला स्पीकरवर फोन लावते. ...ढापण्या, यंत्र चालू आहे ना?

ढापण्या : आहे. मी एकटाच त्याची राखण करतोय, बाकीचे जेवायला गेलेत.

लेक : सातव्या कॉइलची वीज वाढव. अकराचे बारा, या प्रमाणात.

ढापण्या : हे कुठल्या गणितातून काढलंस?

लेक : दोऱ्यातून.

ढापण्या : ऊन लागलंय तुला. बरं... वाढवली. सोडू किरण?

बाबा : विचारतोस काय, सोड की!

ढापण्या : हे कोण?

लेक : कॉइलवाले. सोड तू.

ढापण्या : सोडला. ...ए. ए बाई!

लेक : काय झालं? बोल ना!

ढापण्या : आधी ठिपका दिसेचना, वाटलं गेलं सगळं. आहे, आहे! मधोमध! मिरी म्हणत होतीस ना? मिरीसुद्धा जाडी म्हणायची! पुन्हा सोडतो... तिथेच! फोन ठेव, मी खुर्चीवर चढलोय, पडेन.

लेक : बाबा! गणित बरोबर होतं!

बाबा : अगं अगं, उचलतेस काय मला! हाडं जुनी आहेत!

लेक : चला माझ्याबरोबर. नोंदवहीत तुमच्या हाताने लिहायचं.

बाबा : माझं अक्षर बघून वही पळून जाईल. काय लिहू?

लेक : जे खरं आहे ते.

बाबा : "सातवी कॉइल. वेढे दोनशेवीस. कारण, मुलगी झाली." चालेल?

लेक : धावेल! आणि हा दोराही तिथेच चिकटवू.

बाबा : नको. तो पेटीतच राहू दे. आईच्या रिळाचा आहे. हे सगळे ओळीने तिनेच बांधले. म्हणायची, सातव्याला हात लावू नका, तो पोरीचा आहे. मला वाटायचं, लाडाने म्हणते.

लेक : तिला माहीत होतं?

बाबा : कोण जाणे. साठी उलटल्यावर मला अक्षरं तिनेच शिकवली. पण अख्खी ओळ मी आजवर एकदाच लिहिलीय, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. ही दुसरी होईल.

लेक : पहिली कुठली?

बाबा : "आज सकाळी सात वाजता ही गेली." दोन वर्षांपूर्वी, अकरा फेब्रुवारीला.