सगळ्यांच्या वतीनं एक फोन

जन्म माझा लालबागचा. वडील गिरणीत, आणि गल्लीत संध्याकाळ झाली की कबड्डी, दुसरं काही नाहीच, त्यामुळे मी खेळाडू झालो यात माझी करामत ती काय? उजवा कोपरा सांभाळायचो. चढाई करणारा आत आला की घोटा धरायचा आणि सोडायचा नाही, बस, एवढंच मला आयुष्यात नीट जमलं. त्याच्यावर बँकेत नोकरी लागली, बँकेच्या संघातून खेळलो, मग गुडघा गेला. थोरला भाऊ इकडे न्यू जर्सीत होता, तो बोलला, तिथे काय करतोस आता, ये, मी स्पॉन्सर करतो. आलो पिस्कॅटवेला. आणि भावाला पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, चँडलरला, कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत जॉब लागला, तो गेला फॅमिली घेऊन, अपार्टमेंटमध्ये राहिलो मी आणि त्याचा जुना सोफा. लग्न तर राहूनच गेलं.

काय सांगू तुम्हाला, दिवसभर वेअरहाऊसमध्ये खोके उचलायचे, सगळ्यांना हाय आणि बाय, आठवडा आठवडा मराठी तोंडातून बाहेर पडायचं नाही. भाजी चिरताना मी मोठ्यानं बोलायचो, आज भेंडी महाग मिळाली वगैरे. कोणाला? भेंडीलाच.

तर रविवारी सकाळी इथल्या केबलवर आपल्या लोकांचा एक कार्यक्रम लागायचा. तो चालवणारे देसाई मला दुकानात भेटले, बोलले, कबड्डीच्या कॅसेट मागवतो मी, इकडच्या व्हीसीआरसाठी कन्व्हर्ट करून घेतो, तुम्ही मराठीतून समजावून सांगाल का? सांगाल का काय विचारता! पहिल्या दिवशी नवा शर्ट घातला. आपली सवय अशी, मैदानात उतरताना खाली हात लावून कपाळाला लावायचा, म्हणून स्टुडिओच्या कार्पेटला वाकलो, तर कॅमेरावाला गोरा धावत आला, काय पडलं, काय शोधताय? नथिंग, नथिंग. मग दर रविवारी तेच, कॅसेट थांबवायची आणि सांगायचं, हा बघा, ह्यानं पाय आधी टाकला, घाई केली, आता हा गेला. समोर कॅमेऱ्याची ती काच नुसती. खेळताना कसं, पकड बसली की गल्ली ओरडायची, खिडक्यांतून बायका ओरडायच्या. इथे मी एवढा घसा फोडायचा आणि कॅमेरावाला जांभई द्यायचा, त्याची काय चूक, त्याला मराठी कुठे कळतं. घरी यायचो तर फोन गप्प. मला वाटायचं, कोणी बघत नाही, देसाई आपले माझं मन मोडू नये म्हणून बोलावतात.

आणि मग स्टेशनची मॅनेजर बाई बोलली, पुढच्या रविवारी स्क्रीनवर नंबर दाखवू, ज्यांना हा प्रोग्राम हवाय त्यांनी फोन करायचा, त्यावर ठरवू. त्या रविवारी मी बोलत होतो कबड्डीचं आणि कान सगळे बाहेरच्या फोनकडे. एकदा वाजला. एकदाच. प्रोग्राम कॅन्सल केला तिनं, सॉरी बोलली बिचारी.

पुढे महिन्याभरानं इंडियन ग्रोसरीत सबनीस काकू भेटल्या, डॉक्टर सबनीसांच्या मिसेस, नुसती तोंडओळख. त्या माझ्यावरच चिडलेल्या, अहो बंद का केलंत? मी बोललो, तुम्ही बघायचात? तर बोलल्या, बघायचात काय, दर रविवारी आमच्या बेसमेंटमध्ये सगळे जमायचे, पोहे, चहा, मुलं सोफ्यावर पकडी करून दिवे फोडायची, आणि मतं मागितली तेव्हा यांनी फोन केला ना, सगळ्यांच्या वतीनं. सगळ्यांनी कशाला करायचा, उगाच त्या लोकांना त्रास.

मी बोललो, काकू, मला कधी बोलावलं नाहीत ते? त्या बोलल्या, तुम्हाला कसं बोलावणार, तुम्ही तर टीव्हीत असायचात.

मी हसलो हो त्यांच्यासमोर. गाडीत येऊन बसलो आणि रडलो, लाज कसली सांगायला. इतके रविवार माणसं माझ्यासाठी जमत होती, ओरडत होती, आणि मी घरी येऊन एकटा आमटी गरम करत होतो.

आता बोलावतात काकू. जातो मी. पण रविवारी हल्ली तिथे अमेरिकन फुटबॉल लागतो, मुलं हाय काका करतात आणि तिकडे बघतात. बघू देत, त्यांचा खेळ तो. सुखात राहोत सगळी, दिवे फोडोत. राग नाही माझा कोणावर. फक्त तेव्हा, एखाद्या रविवारी, एकानं तरी घरी फोन करून बोलायला हवं होतं, काका, दिसलात हो तुम्ही.