ढोलकाकांचा हात चुकला त्याची गोष्ट

आजच्या समारंभाचे माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर विराजमान असलेले आपल्या फुटबॉल संघाचे व्यवस्थापक साहेब, प्रेक्षक मंडळाचे पदाधिकारी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती ढोलकाका, दुसऱ्या रांगेत बसलेल्या त्यांच्या कन्या, आणि उत्तर स्टँडमधल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेल्याच्या हाती माईक जास्त वेळ देऊ नये, हे अध्यक्षांचं मत मला मान्य आहे.

पण मला अजून खरं वाटत नाही. निरोप खेळाडूंना देतात. याच सभागृहात या वर्षी आपण चौदा जणांना दिला, फुलं देणाऱ्या बाईंना आता आपली तोंडं पाठ झाली आहेत. पण प्रेक्षकाला निरोप? प्रेक्षक जातो कुठे? चौतीस वर्षं एकाच खुर्चीवर बसलेला माणूस म्हणतो, ‘मी आता येणार नाही,’ हे कळलं तेव्हा मी टायरच्या दुकानात होतो. हातातला पाना सुटून पायावर पडला. अंगठा अजून काळानिळा आहे.

आणि तुमच्या हातातली निमंत्रणपत्रिका बघा. ‘यांच्या शुभहस्ते सत्कार’ याच्यावर पांढरी पट्टी चिकटवली आहे ना? नखानं खरवडा, खाली आपला कर्णधार आहे. पत्रिका छापून नऊ दिवस झाले, तेवढ्यात तो विकला गेला. नव्याचे नऊ दिवस ऐकलं होतं, इथे जुन्यालाही तेवढेच.

पाहुण्यांसाठी आमची पद्धत सांगतो. आमच्या स्टँडमध्ये प्रत्येक खेळाडूला स्वतःचा ताल असतो, आणि तो काका बसवतात. नवा खेळाडू आला की पहिले तीन सामने त्याच्यासाठी ढोल नाही. काका नुसते त्याचे पाय बघतात. मग घरी जेवणाच्या टेबलावर बोटं. कन्या म्हणतात, “बाबा, पेल्यातलं पाणी सांडतंय,” आणि काका म्हणतात, “सांडू दे, डावा पाय सापडतोय.” महिन्यानं ताल स्टँडमध्ये येतो. त्यानं गोल केला की काका तो ताल धरतात आणि आम्ही त्याचं नाव घेतो. मैदानाकडे बघावंही लागत नाही. मी तर पुष्कळदा बघत नसतोच. कुठे बघतो, ते राहू द्या.

आता गेल्या महिन्यातला तो सामना. आपला नऊ नंबर, पाच वर्षं आपला, हंगामाच्या मध्यात विकला गेला आणि चार आठवड्यांत पाहुण्यांची जर्सी घालून आपल्याच मैदानावर आला. अडुसष्टाव्या मिनिटाला त्यानं डावीकडून चेंडू आत घेतला आणि आपल्यावर गोल केला. आणि काकांचे हात वाजले. त्याचाच ताल, पाच वर्षांचा. आम्ही अकराशे माणसं उठलो आणि त्याच्या नावानं ओरडलो. आपल्यावर झालेल्या गोलसाठी.

मग जी शांतता पसरली, तिच्यात मला माझाच आवाज ऐकू आला. नऊ नंबरनं हात अर्धा वर केला आणि खाली घेतला. आपला गोलरक्षक जाळ्यातला चेंडू हातात घेऊन आमच्याकडे बघत राहिला. बिचारा आठवड्यापूर्वीच आला होता, त्याला वाटलं असेल इथली रीतच अशी आहे.

पुढच्या रांगेतला एक जण हसला. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, मी त्याची कॉलर धरली. काका म्हणाले, “सोड त्याला. हात माझा चुकला.”

“होतं असं, काका.”

“चौतीस वर्षांत झालं नाही रे. हात शिकतो तोवर माणूस गेलेला असतो. आणि हात ज्याचा ताल शिकला, तो हातातून जात नाही. मी कुणाकुणाला लक्षात ठेवू?”

काठ्या मांडीवर ठेवल्या, त्या परत उचलल्या नाहीत.

मी तडक व्यवस्थापक साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, “खेळाडू येतात-जातात, जर्सी राहते. ढोल आपण स्पीकरवर लावू.” साहेब, रागावू नका, पण जर्सीला पाय नसतात. तिचा ताल कसा बसवायचा? आणि राहते म्हणता, तर तीही दरवर्षी बदलताच की तुम्ही.

मग स्टँडच्या जिन्यात मी काकांच्या कन्येला विचारलं, “तू तरी येशील ना?” ती म्हणाली, “दोन वर्षांत चार नोकऱ्या बदलल्यास. बाबांना आता घरात तरी नवा माणूस पाठ करायला लावू नकोस.” तेव्हापासून टायरच्या दुकानात टिकून आहे. पाच आठवडे झाले. मालकालाही धक्का बसलाय.

दुसऱ्या रांगेतून त्या मला ‘आटप’ म्हणून खुणावताहेत. आटपतो.

कार्यक्रमात लिहिलंय की आता काकांच्या काठ्या मी स्वीकाराव्यात. मला नव्या खेळाडूंचा एकही ताल येत नाही. एकच बसवलाय, आणि तो मैदानातल्या कुणाचा नाही. काका स्टँडच्या पायऱ्या चढतात, त्याचा आहे. दोन पायऱ्या, कठडा धरून थांबणं, एक पायरी, गुडघ्यावर हात, मग दोन. दुकानात टायरवर बसवला. संघात कुणीही असो, रविवारी सामना याच तालानं सुरू होईल. पण गुडघ्यापाशी माझी घाई होते. मी चुकीचा वाजवला, तर अकराशे माणसं तो चुकीचाच शिकतील. शेजारी बसून हात धरणारं कुणीतरी लागेल. म्हणून काका, काठ्या घेतो. खुर्ची घेत नाही.

या टेबलावर वाजवून दाखवतो. ऐका.

काका काहीतरी म्हणाले. माईकवर आलं नाही, म्हणून सांगतो. “हळू,” म्हणाले.

ऐकून घेतलंत, उपकार झाले. व्यवस्थापक साहेब, कॉलरवाले दादा आणि दुसरी रांग, बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. तालातली चूक मात्र घालू नका. तिच्यासाठी रविवारी माझ्या डावीकडे माणूस बसलेला असेल, असं मी धरून चालतो.