सगळे आले नाई

(ब्रह्मपुरीच्या बसस्टँडबाहेर सावली गावाला जाणारी जीप भरते आहे. सुनिल गाडीवाला, शेजारी त्याची धाकटी बहीण मोनाली, हैदराबादेत भाषाशास्त्र शिकणारी, सुटीवर आलेली.)

सुनिल : काकाचा निकेश म्हणे, तू नापास झाली. मी म्हटलं, तोंड सांभाळून बोल.

मोनाली : खरं सांगतलं त्यानं, भाऊ. पह्यल्या खेपेत झालीच होती. एका पेपरात. तर्कशास्त्र अन् संच.

सुनिल : संच म्हणजे ते शाळेतले गोल गोल? तू तं भाषा शिकाले गेली नं वो! मधात गणित काऊन?

मोनाली : मीबी तेच म्हणो. बाकीचे पटपट लिहीत, मी नुसती फळ्याकडे पाहो. शिक्षण सोडून घरी याले बॅग भराले घेतली होती.

नीलाबाई : सुनिलभाऊ, कवा काढता गाडी? उनानं जीव चालला.

सुनिल : बसा जी, नीलाबाई. सावलीचे सगळे आले नाई अजून.

नीलाबाई : एकही नाई? मंग मी चहा पिऊन येतो.

सुनिल : अवो, थांबा! मांगं बसले हायेत नं लोकं. दोघंच राह्यले.

नीलाबाई : मंग तसं बोला नं बाप्पा!

मोनाली : भाऊ, हेच! हेच तं त्या पेपरात होतं.

सुनिल : माही गाडी?

मोनाली : तुहं वाक्य. तू म्हटलं, काही आले, काही राह्यले. बाईनं ऐकलं, कोणीच आलं नाई. शब्द तेच, अर्थ दोन.

नीलाबाई : मंग चुकलं कोण?

मोनाली : कोणीच नाई जी. सावलीच्या सवाऱ्यायचा एक गोल काढा, गाडीत बसलेल्यायचा दुसरा. तुमच्या मनात ते गोल एकमेकात घुसतच नाई. भाऊच्या मनात घुसते, पण थोडे लोकं बाहेर राह्यते. 'नाई' कोणाले धरते, 'सगळ्या'ले का 'आल्या'ले, त्यावर सारं.

सुनिल : मंग बॅग भरली तं थांबली कशी?

मोनाली : भरता भरता मायचा फोन आला. म्हणे, सगळ्या बाया धानाच्या रोवण्याले गेल्या नाई. मी इचारलं, तू? तं म्हणे, मी गेली होती नं! मी तिथंच खाली बसली अन् मायचं वाक्य चिन्हायत मांडून पाह्यलं. दोन्ही अर्थ सुटे सुटे झाले, भाऊ. तवा पह्यल्यांदा ते चिन्हं मले परके नाई वाटले.

सुनिल : अन् परीक्षा?

मोनाली : परत देली. मायचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. माह्या 'नाई'ले पोरी हासत. मॅडमनं तेच 'नाई' फळ्यावर लिहून साऱ्यायले समजावलं.

सुनिल : म्हणजे पास?

मोनाली : पास. अन् नव्या पोरायची या पेपराची तयारी आता मी करून घेतो.

सुनिल : तू शिकवते? तिथल्या पोरायले?

मोनाली : हो. काऊन पाहून राह्यला असा?

नीलाबाई : ते दोघं बसले जी मांगं. काढा आता.

सुनिल : एक मिनिट, नीलाबाई.

मोनाली : आता कुठी चालला?

सुनिल : त्या बाकीच्या गाडीवाल्यायले सांगून येतो, माही बहीण शिकवते म्हून.