डमीला उठता येतं

...अहो, एक म्हणायचं आणि हात करायचे सात! हा कुठला न्याय? मी सातवीच शिकले, पण एक म्हणजे एक एवढं मलाही कळतं! तर यांचे साहेब चष्म्यावरून बघत म्हणतात, "सहा धरलेलेच असतात, वहिनी. अगदी सोपं आहे हो!"

तुम्हाला सांगते, बोलावलं होतं चहाला. चहा राहिला बाजूला, बसवलं पत्त्यांतलं ब्रिज शिकायला! साहेब माझे जोडीदार, समोर. हे आणि साहेबीणबाई दुसरी जोडी. आणि माझं पाच महिन्यांचं बाळ आतल्या खोलीत, कमरेएवढ्या पलंगावर, परवाच पालथं पडायला शिकलेलं! दोन्हीकडे उशा लावल्यात म्हणे... उशांना कुणी जुमानलंय कधी? जरा उठले, तर बाई फिस्कारल्या, "अगं, हातात पानं असताना उठत नाहीत!" यांच्याकडे बघावं, तर यांना बदाम कुठला नि चौकट कुठली कळेना, पण मान डोलतेय, "वा साहेब, वा!"

तेवढ्यात साहेबांचं प्रवचन, "ज्यानं रंग आधी पुकारला तो खेळणार, जोडीदार डमी. डमीनं पानं उघडी मांडायची आणि गप्प राहायचं. उठून पाय मोकळे केले तरी चालतं. अगदी सोपं आहे हो!"

उठलं तरी चालतं? मग हे आधी सांगायला काय झालं होतं, मेल्यांनो!

झालं! साहेबांनी "एक बदाम" म्हणायचा अवकाश, की मी "चार बदाम!" म्हणजे वर कुणी बोलायलाच नको, आणि डमी मीच! हातात काय होतं, देव जाणे! पानं टेबलावर आपटली आणि पळाले आत. बाळ? ढाराढूर! पुढचा डाव, "एक इस्पिक", "चार इस्पिक!"... पळाले. साहेब दोनदा हात कमी पडून तोंडावर आपटले, लालबुंद झाले, हे घाम पुसतायत... आणि तिसऱ्यांदा काय झालं कोण जाणे, आतून येते तो साहेबांनी दहाच्या दहा हात केलेले! "वहिनी, काय ही छाती! वीस वर्षं खेळणारे कचरतात हो!"

छाती कसली डोंबलाची! ती तर तासभर धडधडत होती!

आता पुढच्या शनिवारी दोन नवी जोडपी यायचीत, आणि त्यांना शिकवणार कोण? मी! साहेबांचा हुकूम. हे तर गल्लीभर सांगत सुटलेत. काय शिकवू, कपाळ? म्हणेन, अगदी सोपं आहे हो... फक्त येताना एक तान्हं बाळ घेऊन या!