ताज्या सुरमईची चिठ्ठी

माझ्यावर कोणी म्हणून कोणी विश्वास ठेवला नाही, पोटच्या पोरीनेसुद्धा. मी मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे विकते. माझ्या वजनकाट्यातून चिठ्ठी निघते, त्याचा प्रोग्रॅम माझ्या इंजिनियर लेकीने लिहिलाय. शिळा माल मी लपवत नाही, त्याचं वेगळं बटण आहे. त्या दिवशी सकाळीच उतरलेल्या सुरमईवर चिठ्ठी आली, 'माल शिळा'! खालिदाभाभीने पिशवी माझ्यापुढे आदळली. "दहा वर्षं तुझ्याकडे येते, आणि मला हे देतेस?"

लेकीने येऊन काटा बंद करून चालू केला. चिठ्ठी आली 'ताजा'.

"आई, तूच चुकीचं बटण दाबलंस."

"थांब गो शहाणे. आधी शिळ्याचं दाब. आता ताज्याचं."

चिठ्ठी आली, 'शिळा'. पोरीने लॅपटॉप उघडून प्रोग्रॅम तपासला.

"अगो आई, 'ताजा' पुसून तिथेच 'शिळा' लिहिलं जातंय. न बदलायचे शब्द कुलपात ठेव, असं कंपायलरला, म्हणजे प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणाऱ्याला, सांगायचा पर्याय असतो. तो बंद केलाय."

"का?"

"चालू ठेवला की प्रोग्रॅम मध्येच बंद पडायचा."

"म्हणजे कुलूप चूक पकडत होतं, तर कुलूपच काढलं? कोणी?"

तिने लॅपटॉपवर तो बदल करणाऱ्याचं नाव दाखवलं. मी तडक भाभीच्या दारात गेले आणि नाव सांगून आले: माझीच लेक सायली.