मधल्या पणतीचा डाव

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न. आधी हात घालतो तो शहाणा, की थांबतो तो? ...ओ मागचे, खांबाला टेकलेले! तुम्ही थांबलेले नाही, तुम्ही झोपलेले आहात!

तर तळ्याकाठचं एक गाव. तिथं तातोबा मगदूम. मिशी अशी, की माणसाआधी मिशी दारात येते! देवळातला पहिला टिळा त्याचा, पंगतीतलं पहिलं पान त्याचं. तिरडीवर पहिला मान द्यायची पद्धत नव्हती, म्हणून वाचला बिचारा!

त्याच्या शेजारी सोनाक्का. एकटी बाई. दारात चाफा. नवऱ्यानं लावलेला. नवरा गेला, चाफा राहिला. दुपारची त्याच्या सावलीत बसायची, घटकाभर बोलायचीसुद्धा. कुणाशी? ते तिलाच ठाऊक.

एक दिवस तातोबा कुंपणावरून ओरडला, "आक्का, तुझा कचरा माझ्या अंगणात!"

"फुलं आहेत ती, तातोबा."

"वाळली की कचराच!"

"मग मिशीत खोवा, शोभेल!"

झालं! शेजारीपाजारी हसले. तातोबा पेटला. "उत्सवाला देवळात ये. पाकळीपट खेळू. मी जिंकलो तर चाफा तोडायचा!"

"आणि मी जिंकले तर?"

"तर तुझा चाफा मिशीत खोवून गावभर फिरतो!"

आक्का रागाच्या भरात "हो" म्हणाली. घरात आली आणि मटकन खाली बसली. कारण पाकळीपटात तातोबा कधी हरला नव्हता!

आता पाकळीपट म्हणजे काय? देवळाच्या फरशीवर कोरलेलं बारा पाकळ्यांचं कमळ, मधोमध एक खळगा. दोघांनी आळीपाळीनं एकेक खडा ठेवायचा. एका पाकळीत खडा पडला, की तिच्या दोन्ही बाजूच्या पाकळ्या बंद — दोघांनाही! ज्याला ठेवायला जागा उरली नाही, तो हरला. दुसऱ्या गावांत मधल्या खळग्यातही खडा चालतो. पण या गावची रीत वेगळी. मधला खळगा देवाचा! तिथं आधी पणती लावायची, मग खेळायचं.

आक्कानं अंगणात रांगोळीनं कमळ काढलं. मध्ये पणती. स्वतःच तातोबा झाली, स्वतःच आक्का झाली. कधी ही जिंकली, कधी ती. डोकं भणाणलं! उठली, तळ्याच्या पायरीवर जाऊन बसली.

ऊन कलतं. वारा नाही. पाणी असं निजलेलं, की आभाळ खाली आहे का वर, कळू नये. आक्काचे डोळे जड झाले... ओच्यातलं चाफ्याचं एक फूल ओघळलं. आणि तिला दिसलं — वरून एक फूल उतरतंय, खालून एक फूल वर येतंय. अगदी सावकाश. घाई कुणालाच नाही. दोघं पाण्यावर भेटली... आणि आक्काला वाटलं, पलीकडच्या पायरीवर कुणीतरी बसलंय. ओळखीचं. ती हलली की तेही हलतंय.

दचकून जागी झाली! "अगं बाई! समोर! त्यानं ठेवला, की मी बरोब्बर त्याच्या समोर!"

पळत अंगणात. तातोबाला जागा मिळाली, की पणतीच्या पलीकडची समोरची पाकळी मोकळी असतेच! अडकेल तर आधी तोच! मग पणती काढून पाहिली. आता पहिला भिडू मधल्या खळग्यात खडा टाकणार, आणि समोरासमोरचा खेळ तोच खेळणार! म्हणजे मध्ये देव असेल, तर जो दुसरा, तो तरला. गावात सगळे पहिल्या हातासाठी भांडले, पण हे कुणी पाहिलंच नाही!

उत्सवाचा दिवस. सगळा गाव देवळात. गुरवानं पणती लावली. आणि तातोबा मिशीला पीळ देत काय म्हणतो? "आक्का, तू बाईमाणूस. पहिला हात तुझा! जा, दिला!"

हाय रे! आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस उदार झाला, तोही नेमका आज!

आक्कानं खडा मुठीतच धरून ठेवला. चाफा डोळ्यांपुढं आला. मग ती हसली. मोठ्यानं म्हणाली, "गावकऱ्यांनो, ऐका! आजपासून मगदुमांचा पहिला मान माझा! पहिला टिळा, पहिलं पान —"

"ए! ए! थांब!" तातोबानं झडप घालून खडा ठेवला. "मान आमचाच!"

आक्कानं समोर ठेवला. त्यानं इकडं, तिनं तिकडं. पणती मध्ये शांत. त्यानं पुन्हा ठेवला, तिनं पुन्हा समोर. तातोबा कमळाभोवती फिरफिर फिरला. जागा नाही! मधल्या खळग्याकडं बघितलं. तिथं पणती! देवाला ऊठ कसं म्हणणार?

मंडळी, हसता काय? घरात भावाभावांत, सासूसुनेत तुम्ही कुठं बसता? बरोब्बर मधल्या खळग्यात! तिथून देवाला उठवलंत, म्हणून पहिला हात तुमचा. तेवढी एक जागा सोडा हो त्याला. मग समोरच्यालाही जागा आहे, आणि तुम्हालाही.

तिकडं बघा, तातोबा निघाला! मिशीत दोन्हीकडं चाफा, पुढं ताशा, मागं गाव. पहिली शिंक आली चावडीपाशी, दुसरी वेशीपाशी. आणि आक्का मागून ओरडतेय, "तातोबा, डावीकडचं फूल सुटतंय, नीट खोवा!"